आठ महिन्यांची लेक वरचं काही खातच नाही. काय करू?

कवळ्याची_सून

नमस्कार मंडळी. सासर फोंड्याजवळ कवळ्याला, नोकरी पणजीला पाटोवर. लेक आठ महिन्यांची झाली. सहा महिने निव्वळ अंगावर पीत होती, वजनही छान वाढत होतं. देवळात उष्टावण झालं आणि तेव्हापासून घरात जेवणाच्या वेळेची मला भीतीच वाटते.

सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी उकड्या तांदळाची पेज गाळून, संध्याकाळी मुगाच्या डाळीचं पाणी नाहीतर मिक्सरमधून काढलेला दुधी. चमचा दिसला की ओठ घट्ट मिटते. आत गेलंच तर जिभेने बाहेर लोटते. जरा जाडसर कण लागला की ओकारी काढते, डोळ्यांत पाणी येतं आणि माझा जीव वरखाली होतो. हल्ली वाटी पाहूनच रडायला लागते.

मी सकाळी बस धरते ती संध्याकाळी दिवेलागणीला घरी. दिवसभर ती सासूबाईंकडे. त्यांचा तिच्यावर फार जीव आहे, तीन मुलं वाढवलीत त्यांनी. त्या तिला मांडीवर आडवी घेतात, हात धरतात आणि चमचा घशाशी नेऊन सोडतात. तसं थोडं पोटात जातं, पण ती इतकी आक्रोश करते की शेजारची माणसं विचारायला येतात. नवरा मोबाइलवर गाणी लावतो. गाणं चालू असेपर्यंत दोन-चार घास जातात, गाणं थांबलं की तोंड बंद. मग उपाशी राहू नये म्हणून गाईचं दूध अर्धं पाणी घालून बाटलीने. ते मात्र गटागटा पिते.

जन्माचं वजन २.८ किलो, सहाव्या महिन्यात ६.५, आता ६.९. डॉक्टर म्हणाले, 'खाईल हळूहळू.' पण तोवर आम्ही काय करायचं, ते कुणी सांगत नाही. माझी आई सांगते मुडदुशी मासा दे. सासूबाई म्हणतात दात येईपर्यंत मासा नको. एक मैत्रीण म्हणते रात्रीचं अंगावरचं तोड, म्हणजे आपोआप भूक लागेल. बाजारातलं डब्यातलं पीठ आणू का? लेकीच्या चार घासांवरून घरातली माणसं एकमेकांशी नीट बोलेनाशी झालीत. ज्यांनी यातून मुलं वाढवलीत त्यांनी कृपा करून सांगा.

साखळीची_मावशी

अगं, घाबरू नको. माझा धाकटा असाच होता. जेवणाआधी मधाचं बोट चाटव, जिभेला चव येते आणि मूल तोंड उघडतं. रात्री झोपताना जायफळाचा एक वेढा दुधातून दे, म्हणजे शांत झोपेल आणि सकाळी भूक लागेल. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय.

वाळपईची_सिस्टर

सत्तरी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे आणि नातू सांभाळते. त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे, बाय. शांतपणे वाच आणि जमलं तर सासूबाईंनाही वाचून दाखव.

आधी मधाचं. मावशी, तुम्ही मायेनेच सांगितलंत, पण वर्ष पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नको, बोटभरही नको. मधात बॉट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्यांच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. त्याने बाळाचे स्नायू लुळे पडतात. घरी मध उकळूनही ते मरत नाहीत. जायफळही बाळाला झोप आणायला देऊ नये, जास्त झालं तर ते विषारी ठरतं. शिवाय गुंगीतलं मूल जेवत नाही.

आता आडवं घेऊन भरवण्याचं. हे आजपासून बंद व्हायला हवं. रडणारं बाळ मधेच जोराने श्वास आत घेतं, आणि त्या क्षणी घशाशी असलेली पेज श्वासनलिकेत जाऊ शकते. अशी मुलं छातीत कफ भरून आमच्याकडे यायची. सासूबाईंच्या काळी हीच रीत होती आणि त्यांनी तिन्ही मुलं जपून वाढवली. पण या बाळाने दोन महिन्यांत एवढं मनाशी धरलंय की वाटी आली म्हणजे हात धरले जाणार, आणि म्हणून ती वाटी बघून रडते. ती अन्नाला कंटाळलेली नाही, त्या धरण्याला घाबरलीय. ही भीती गेल्याशिवाय कोणताही पदार्थ चालणार नाही. म्हणून पहिले काही दिवस पोटात किती गेलं ते मोजूच नका. तिला ताठ बसवा, पाठीला टेकू द्या, पाय लोंबकळू देऊ नका, आणि तुमच्या जेवणाच्या वेळेला तुमच्यासोबत बसवा. ती तोंड उघडेल तेव्हाच चमचा द्या. मान फिरवली की थांबा. वीस-पंचवीस मिनिटांत उठवा, मग खाल्लेलं असो वा नसो. मोबाइलही नको. गाण्याच्या नादात तोंड उघडतं, पण खातोय हे बाळाला कळतच नाही. वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय.

मग दुधाचं गणित. बाळाच्या पोटात एका वेळी साधारण किलोमागे ३० मिलि मावतं. तुझ्या लेकीचं वजन ६.९ किलो, म्हणजे दोनशेच्या आसपास. एक बाटली दूध प्यायली की पोट गच्च भरतं, मग तासाभराने पेज घेऊन बसलं तर ती तोंड कशाला उघडेल? त्यातून ते दूध अर्धं पाण्याचं. पोट फुगतं, अंगाला लागत नाही. गाईच्या दुधात लोह अगदी थोडं असतं, आणि काही तान्ह्यांच्या आतड्यातून त्याने डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होतो. वर्षाच्या आत ते मुख्य पोषण म्हणून नकोच. तुझं स्वतःचं दूध काढून ठेवता येईल का बघ. ऑफिसात फ्रिज असेल तर तिथे काढून ठेव आणि बर्फाच्या पिशवीतून घरी आण. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवू नकोस. फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागे ठेवलं तर चार दिवसांपर्यंत चालतं. तेही वाटी-चमच्याने देता येतं, बाटलीची गरज नाही. ते शक्य नसेल तर दुसरं कोणतं दूध द्यायचं ते डॉक्टरांना विचार.

रात्रीचं अंगावरचं मात्र तोडू नकोस. तू दिवसभर बाहेर असतेस, रात्रीचं पिणं हा तिचा आधार आहे, आणि दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजावं असंच आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. फक्त क्रम बदल: सकाळी उठल्यावर पाज, मग दीड-दोन तास मधे जाऊ दे, मग खाणं.

आता वाटीत काय आहे ते बघू. गाळलेली पेज, डाळीचं पाणी, पातळ सत्त्व. बाय, यात पाणीच जास्त आहे. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. हे फार नाही, दोन-तीन वेळा अर्धी-अर्धी वाटी. पण ती अर्धी वाटी घट्ट हवी. चमचा तिरका केला तर अन्न त्यावर टिकलं पाहिजे, ओघळून गेलं तर ते पातळ. पेज गाळू नकोस, शीतं कुस्कर आणि त्यात शिजलेली मूगडाळ घाल. वरून थोडं घरचं तूप नाहीतर नारळाचा घट्ट रस. नाचणीला मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ गाळलेल्या सत्त्वापेक्षा चांगलं, कारण मोडामुळे त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. गूळ, साखर, मीठ वर्षभर नको. डब्यातलं पीठ विष नाही, प्रवासाला बरं. पण रोज एकाच चवीचं, एकसारखं गुळगुळीत खाऊन ती पुढे भाताचं शीतही तोंडात घेणार नाही.

आणि ओकारी. त्याने तुझा जीव वरखाली होतो ते मला कळतं, पण ती तिची राखण आहे. या वयात ओकारी जिभेच्या पुढच्या भागातच निघते, हळूहळू ती मागे सरकते. ओकारी काढणारं बाळ आवाज करतं, लाल होतं, खोकतं आणि घास पुढे आणतं. तेव्हा तोंडात बोट घालू नकोस, शांत राहा. गुदमरलेलं बाळ याच्या उलट गप्प होतं, आवाज निघत नाही, ओठ निळे पडतात. तेव्हा बाळाला हाताच्या पंज्यापासून कोपरापर्यंत पालथं, डोकं खाली करून धरायचं आणि दोन खांद्यांच्या मधे पाठीवर तळहाताने पाच थापा द्यायच्या. घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, पुन्हा थापा, आणि कुणालातरी १०८ लावायला सांगायचं. घरातल्या सगळ्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन हे बाहुलीवर शिकून घ्या. मी शेकडो आयांना शिकवलंय, नुसतं वाचून हात वळत नाही.

मिक्सर आता कपाटात ठेव. नववा-दहावा महिना उलटेपर्यंत मुलाला गुठळी, कण यांची सवय लागली नाही तर पुढे ती लावायला फार कष्ट पडतात. हाताने कुस्कर. आणि तिच्या हातात दे. वाफवलेली कणगी (रताळी), तांबडा भोपळा, पिकलेलं केळं, तिच्या मुठीतून बाहेर डोकावेल एवढा लांब तुकडा, दोन बोटांत सहज चिरडला जाईल इतका मऊ. ती तो चिवडेल, कपाळाला लावेल, भिंतीला लावेल. लावू दे. ज्या बाळाचे हात धरून भरवलंय त्याला आधी स्वतःच्या हातांवर भरवसा यायला हवा. काजू, शेंगदाणे, कच्चं गाजर, द्राक्ष अख्खं कधीही नको. चहात बुडवलेला पाव आपल्याकडे सर्रास देतात, तोही नको. त्याचा गोळा टाळूला चिकटतो आणि चहाने लोह अडतं.

लोहाचं मुद्दाम शेवटी लिहितेय, कारण मला तुझ्या लेकीबाबत खरी काळजी त्याचीच वाटते. जन्माच्या वेळी आईकडून मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि अंगावरच्या दुधात लोह कमी असतं. लोह कमी झालं की भूकच मरते. मूल खात नाही म्हणून लोह घटतं आणि लोह घटलं म्हणून आणखी खात नाही. डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सरकारकडून आठवड्यातून दोनदा एक मिलि लोहाचं सिरप मिळतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह असतं. अंगणवाडीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचार. पण हिमोग्लोबिन कमी निघालं तर मात्रा वेगळी असते, ती डॉक्टरच ठरवतील.

वजनाचा आकडा एकटा बघू नकोस. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता आहे, त्यावर तिन्ही वजनं टिंबांनी लाव. आठ महिन्यांच्या मुलींचं मधलं वजन ७.९ किलो आणि धोक्याची खालची रेघ ६.३. तुझी लेक त्यांच्या मधे आहे, पण दोन महिन्यांत चारशे ग्रॅम म्हणजे रेघ जरा कलतेय. दर महिन्याला वजन कर. वजन थांबलं किंवा उतरलं, प्रत्येक घासाला खोकला येतो, सारखी ओकते, अंग पांढरं पडलंय, नऊ महिने होऊनही बसत नाही, यातलं काहीही दिसलं तर 'खाईल हळूहळू' यावर थांबू नको. बालरोगतज्ज्ञांकडे, गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा.

पेडण्याचा_बाबा

सिस्टरनी सगळं सांगितलंय. मी फक्त माशाबद्दल लिहितो, कारण आमच्या मुलाला मासा मीच भरवतो. वेर्ण्याला शिफ्टमध्ये काम, त्यामुळे दुपारी मी घरी असतो.

दातांची वाट बघायची गरज नाही, हिरड्यांनी मऊ मासा सहज चिरडला जातो. आमच्या डॉक्टरांनी सहा महिने झाल्यावरच परवानगी दिली. तुमच्या आई म्हणतात ती मुडदुशी उत्तम. आपल्याकडे आजाऱ्याला आणि बाळंतिणीला तीच देतात, हलकी असते, वास उग्र नसतो. मी ती हळदीच्या पाण्यात मिठाशिवाय उकडतो. मधला काटा शेपटीकडून उचलला की अख्खा निघतो. पण तेवढ्यावर विसंबू नका. मांस ताटलीत पसरायचं आणि चिमूट-चिमूट दोन बोटांत दाबून बघायचं, मग दुसऱ्या कुणीतरी पुन्हा दाबून बघायचं. घाई असेल त्या दिवशी मासा नकोच, डाळ-भात द्या.

बांगडा आणि तारली पौष्टिक, पण बारीक काट्यांमुळे मी लहान बाळाला देत नाही. मोरी (लहान शार्क) बाळंतिणीला देतात म्हणून काहीजण बाळालाही देतात, ती नको. मोठा इसवणही (सुरमई) नको. मोठा मासा लहान मासे खाऊन वाढतो आणि त्यांच्यातला पारा त्याच्या अंगात साठत जातो. सुकी मासळी मिठामुळे नको. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची बंदी असते, तेव्हा बाजारात बर्फातलं जुनं फार येतं. त्या दिवसांत मी नदीतली चोणक मासळी शोधतो. जाड मांस, मोठे काटे, सुटायला सोपी. ती नाही मिळाली तर अंडं, पूर्ण उकडलेलं, पिवळं-पांढरं दोन्ही कुस्करून भातात.

मासा किंवा अंडं पहिल्यांदा द्यायचं तर सकाळी, चमचाभरच. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी असं काही झालंच तर दिवसाउजेडी कळतं आणि डॉक्टर मिळतात.

साखळीची_मावशी

सिस्टर, मधाचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सुनेला आजच फोन करते, तिचं बाळ चार महिन्यांचं आहे. कवळ्याच्या ताई, माझं आधीचं सोडून द्या, सिस्टर सांगतात ते करा.

कवळ्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काही आठवडे मुद्दाम थांबले, काय होतंय ते बघून मग लिहावं म्हणून.

सिस्टरचं उत्तर मी सासूबाईंना रात्री वाचून दाखवलं. गुदमरण्याचा भाग ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला आडवं घेतलं नाही. बाटली बंद केली. ऑफिसात एका रिकाम्या खोलीत मी दूध काढते, वरिष्ठ बाईंनीच किल्ली दिली. पहिल्या आठवड्यात लेक जवळजवळ काहीच खात नव्हती आणि ते दिवस फार कठीण गेले. नवरा दोनदा म्हणाला, गाणं लावू का. नाही लावलं.

आणि मग तिने स्वतःहून पहिलं काय खाल्लं असेल? अळसांदे, म्हणजे चवळीचे दाणे! सासूबाई तोणकाला (रस्सा-उसळीला) अळसांदे शिजवत होत्या, मसाला घालायच्या आधी थोडे काढून त्यांनी ताटलीत चिरडून ठेवले होते, भातात कालवायला. ती माझ्या मांडीवर ताठ बसलेली, पुढे वाकली आणि मूठभर तोंडात कोंबले. ओकारी आली, खोकली, पुढे आणलं आणि पुन्हा चावलं. आम्ही तिघंही जागचे हललो नाही. आता रोज सासूबाईच ठरवतात तिच्या ताटलीत काय जायचं ते. तांबडी भाजी (लाल माठ) भातात, कणगी, डाळ-तूप. मुडदुशी दोनदा झाली, काटे नवरा बघतो आणि मग सासूबाई बघतात. काही दिवस नुसतंच चिवडते, काही दिवस अर्धी वाटी संपवते. वाटी बघून रडणं थांबलंय.

हिमोग्लोबिन तपासलं. ९.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब रोज सुरू केलेत. वजन ७.२ झालंय. आता एक विचारायचं होतं. थेंब सुरू केल्यापासून शी काळी होते आणि जरा घट्टही. सासूबाई घाबरल्यात. थेंब बंद करू का?

वाळपईची_सिस्टर

बंद करू नकोस गो बाय. लोहाने शी काळपट-हिरवट होतेच, सासूबाईंना सांग काळजी नको. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधी येणारी किंवा लाल रक्त असलेली दिसली तरच लगेच दाखव. घट्ट होत असेल तर जेवणासोबत उकळून गार केलेलं पाणी चमच्या-चमच्याने दे, पिकलेली पपई कुस्करून दे. कुंथून रडत असेल तर डॉक्टरांना सांग, ते औषध बदलून देतील.

थेंब दुधासोबत देऊ नकोस, दुधाने लोह नीट शोषलं जात नाही. मधल्या वेळेला दे, आणि डाळ-भातावर दोन थेंब लिंबू पीळ, त्याने अन्नातलं लोह जास्त लागतं. दात आले असतील तर थेंब गालाच्या आत मागे सोड, पुढे सोडले तर दातांवर काळे डाग पडतात. बाटली कुलपात ठेव, लोहाचं औषध लहान मुलाने जास्त प्यायलं तर जिवावर बेततं.

महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा बघतील. ते वर आलं म्हणून औषध तिथेच थांबवायचं नाही, साठा भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात, डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेव. नववा महिना भरला की गोवर-रुबेलाची लस असते, त्याच वेळी 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो. तेव्हा वजन करून घे आणि कार्डावर टिंब लाव. आणि अळसांदे रात्रभर भिजवून, शिजल्यावर सालं काढून द्यायला सासूबाईंना सांग, पोट फुगणार नाही.